गंगाराम तांबट आणि आमचे ‘जीवन व कार्य’

१

आपल्या मराठी विभागांमध्ये ‘जीवन व कार्य’ नावाचा एक लेखनप्रकार चालतो. समीक्षा म्हणावी असे त्यात फारसे नसते आणि चरित्र म्हणावे इतका माणूसही त्यात नसतो. जन्म, शिक्षण, संस्कार, प्रभाव, कार्याचा आढावा, मान्यवरांचे अभिप्राय आणि शेवटी ‘योगदान’, अशी त्याची प्रकरणे ठरलेली असतात. या साच्यात जो बसतो त्याला इतिहासात जागा मिळते. जो बसत नाही तो तळटीपेत जातो, आणि तळटीपा परीक्षक वाचत नाहीत, हे आपण सारेच जाणतो.

हा साचा निरुपद्रवी आहे, कंटाळवाणा असला तरी कोणाचे नुकसान करणारा नाही, असे आम्हांलाही पुष्कळ दिवस वाटत होते. आमचे मत बदलले ते एका प्रबंधिकेच्या निमित्ताने. आंबेगाव तालुक्यातल्या, डिंभे धरणाच्या पाण्यामुळे जुने घर सोडून वर येऊन वसलेल्या कुटुंबातली एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. जुन्या निसर्गदृश्यांच्या छापील चित्रांवर तिला काम करायचे होते. डोंगर, लेणी, घाट यांची अठराव्या शतकाच्या अखेरची इंग्रजी मुद्राचित्रे तिने पाहिली होती आणि त्यांवरून तिला एक साधा प्रश्न पडला होता : ही चित्रे जागेवर बसून प्रथम कोणी काढली? शोधता शोधता ती एका नावापाशी आली. ते नाव गंगाराम चिंतामण तांबट. तिने तोच विषय मांडला.

विषय नाकारला गेला. कोठे आणि कोणी, हे सांगण्याचे कारण नाही. असेच उत्तर इतर दहा ठिकाणीही मिळाले असते. कारणे तीन देण्यात आली. पहिले, गंगारामविषयी साधने नाहीत. दुसरे, तो स्वतंत्र कलावंत नव्हता, साहेबांचा मदतनीस होता. तिसरे, हा विषय मुळात साहित्याचा नाही. त्याऐवजी जेम्स वेल्स घ्यावा, त्याच्यावर ‘मटेरियल’ मिळते, असा सल्लाही मिळाला. तिने तो मानला. प्रबंधिका झाली, गुणही बरे पडले. वेल्सचे जन्मगाव, वेल्सचे शिक्षण, वेल्सवरील प्रभाव असे सारे तिच्यात यथास्थित आले. गंगाराम तळटीपेत गेला.

पुढील लेखन त्या तीन कारणांना उत्तर म्हणून आहे.

२

पहिले कारण : साधने नाहीत.

जी आहेत ती आधी पाहू. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट १७८६ साली पेशव्यांच्या दरबारी पुण्यात आला. पुण्यात त्याने जी माणसे कामाला घेतली त्यांत गंगाराम होता. १७९०च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र काढले. कार्ल्याच्या लेण्यांची आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटने त्याने केली. १७९५ साली त्याने पर्वतीचे दृश्य रंगवले. टेकडी आणि तिच्या माथ्यावरची देवळे यांचे हे चित्र आजच्या कोणत्याही अर्थाने निसर्गचित्र आहे. ही चित्रे अमेरिकेत न्यू हेवन येथे येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात जपून ठेवली आहेत. त्यांवर गंगारामचे नाव आहे, आणि त्यांतली बरीचशी केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. २०११ साली याच केंद्रात भरलेल्या प्रदर्शनात ती मांडली गेली. होली शॅफर या अभ्यासिकेने पश्चिम भारतातल्या या साऱ्या कलाव्यवहारावर २०२२ साली सविस्तर ग्रंथ लिहिला.

मग ‘साधने नाहीत’ या म्हणण्याचा अर्थ काय? अर्थ एवढाच की जन्मतारीख नाही, पत्रव्यवहार नाही, गौरवग्रंथ नाही. म्हणजे साच्यात भरायला लागणारा ऐवज नाही. चित्रे आहेत, पण ‘कार्य’ हे ‘जीवना’च्या आधाराने वाचायची सवय लागल्यामुळे आम्हांला नुसते कार्य वाचता येत नाही. चोखामेळ्याच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही, म्हणून आपण त्याचे अभंग शिकवायचे सोडले आहे काय? महानुभावांच्या कितीतरी लीळांमागचा सांगणारा आपल्याला एका नावापलीकडे ठाऊक नसतो. तरीही ते गद्य आपण भक्तिभावाने वाचतो. मध्ययुगाला दिलेली ही सवलत अठराव्या शतकातल्या एका कारागिराला का नाकारावी? तेथे परंपरा आपल्या बाजूने बोलते आणि येथे दप्तर साहेबाचे आहे, एवढाच फरक असेल, तर अडचण साधनांची नाही, आमच्या वाचनाची आहे.

३

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, कारण ते वरवर न्याय्य दिसते. गंगाराम मदतनीस होता, असे म्हणतात.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा, जन्म १७४७चा. मुंबईत तो १७९१ साली उतरला. पुढे पुण्यात येऊन त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रे केली. पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली होती, असे इतिहासकार सांगत आले आहेत. तिचा संबंधही त्याच्याशीच जोडला जातो. लेण्यांच्या चित्रांचा मोठा संच काढण्याची त्याची आकांक्षा होती. ती पुरी होण्याआधीच, साष्टीच्या लेण्यांचे काम चालू असताना तापाने आजारी पडून १७९५च्या नोव्हेंबरात तो वारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा अंत झाला होता. वेल्सने केलेल्या मुंबई बेटाच्या बारा दृश्यांचा छापील संच त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. वेरूळच्या चोवीस दृश्यांचा संच १८०३चा. तो ‘ओरिएंटल सीनरी’ या थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथमालेचा भाग म्हणून निघाला. वेल्सची मुलगी सुझाना १७९९ साली मॅलेटची पत्नी झाली होती. चित्रांचा वारसा अशा रीतीने घरातच राहिला.

वेरूळच्या संचाच्या शीर्षकपृष्ठावर दोन नावे आहेत. रेखाटने जेम्स वेल्सची आणि मुद्रण थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली. वेल्सच्या हाताखाली गंगाराम आणि रॉबर्ट मेबन हे दोघे काम करीत होते, गंगारामने वेरूळची रेखाटने मॅलेटसाठी केली होती, आणि मॅलेटचा वेरूळवरचा लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात १७९९ सालीच येऊन गेला होता. यांपैकी कशाचीही खूण त्या शीर्षकपृष्ठावर नाही. आणि ज्याचे नाव ठळक आहे त्या थॉमस डॅनियलने वेरूळ पाहिलेलेच नव्हते.

आम्ही असे म्हणत नाही की वेल्स लबाड होता. त्या काळच्या मुद्राचित्रांच्या व्यवहारात हे रूढच होते. ॲक्वाटिंट हे तंत्र मुळातच अनेक हातांचे आहे. तांब्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग तेजाबात धरायचा. राळेच्या कणांच्या मधल्या जागा तेजाब खातो आणि पत्र्यावर एक बारीक खरखरीत पोत येतो. जेथे उजेड हवा तेथे रोगण लावून पत्रा झाकायचा आणि पुन्हा तेजाबात धरायचा. असे अनेकदा केले की आकाशाच्या फिकट छटेपासून लेण्याच्या दारातल्या काळोखापर्यंत सारे टप्पे एकाच पत्र्यावर येतात. मग शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचा. शेवटी त्या छापावर हाताने जलरंग द्यायचे. जागेवर रेखाटणारा एक, पत्रा करणारा दुसरा, छापणारा तिसरा, रंग भरणारे आणखी काही जण. या साऱ्यांच्या डोक्यावर एक नाव छापले जाते, आणि पुढे त्या एकाच नावाचे ‘जीवन व कार्य’ लिहिले जाते.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. डॅनियलने १७८६ ते १७८८ या काळात कलकत्त्याची बारा दृश्ये तेथेच छापली. ते काम संपल्यावर आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली की चित्रकार, कोरणारा, तांबट, छापणारा आणि छापखान्यातला पोऱ्या या साऱ्या भूमिका आपल्याला एकट्याला वठवाव्या लागल्या. साहेबाला तांबट व्हावे लागले तर ती त्याच्या जिद्दीची कथा होते आणि कलेच्या इतिहासात कौतुकाने उद्धृत केली जाते. तांबट चित्रकार झाला तर तो मदतनीस!

आणि मदतनीस तरी कोणाचा? गेंड्याचे चित्र १७९०चे आहे. वेल्स मुंबईत उतरला १७९१त. गंगारामला चित्र काढायला वेल्सने शिकवले, ही समजूत या दोन तारखांपुढे टिकत नाही. यथादर्शनाची युरोपीय रीत त्याने वेल्सकडून आणि त्याच्या मंडळींकडून अधिक घोटून घेतली असेल. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु जो माणूस वेल्सच्या आधीपासून काम करीत होता, ज्याला लेण्यांच्या वाटा, भाषा आणि देवतांची नावे ठाऊक होती, त्याच्याकडून वेल्स काय शिकला, हा प्रश्न मात्र आमच्या प्रबंधांत कधीच विचारला जात नाही. प्रभाव हा आमच्याकडे नेहमी एकाच दिशेने वाहतो.

४

तिसरे कारण : हा विषय साहित्याचा नाही.

हे कारण ऐकून आम्हांला सर्वांत अधिक खेद झाला, कारण ते मराठीच्या अध्यापकांकडून आले. मराठी मुद्रणाचा आरंभ सांगताना आपण श्रीरामपूरला जातो. विल्यम कॅरीने मराठीचे व्याकरण तेथे छापले ते १८०५ साली. हे वर्ष आपले विद्यार्थी पाठ करतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच १८०५ साली मिरजेत भगवद्‌गीता छापली गेली. तिच्यासाठी खिळे पाडले नव्हते. अक्षरे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ती छापली होती. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात ही हकीगत नोंदवली आहे. पुण्यात इंग्रजांच्या सहवासात कोरीवकाम शिकलेल्या एका तांबटाकडून नाना फडणवीसांनी गीता छापवून घेण्याचे मनात आणले होते. १८०० साली नाना गेले, पुण्याचे वारे फिरले, आणि तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. काम तेथे पुरे झाले.

हा तांबट म्हणजेच गंगाराम, असे आम्ही म्हणत नाही. नावांची अशी घाईची सांधेजोड हेही आमच्या अभ्यासाचे एक दुखणे आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. मॅलेट आणि वेल्स यांच्याभोवती पुण्यात जी मंडळी जमली त्यांच्या हातांतून एका बाजूला लेण्यांची आणि डोंगरांची रेखाटने लंडनच्या पत्र्यांपर्यंत गेली, आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रातल्या पहिल्या छापील ग्रंथांपैकी एक ग्रंथ निघाला. दृश्य छापण्याची विद्या आणि अक्षर छापण्याची विद्या येथे एकाच आळीतल्या माणसांच्या हाती होती. मिरजेची गीता संस्कृत आहे, म्हणून ती ‘मराठी मुद्रण’ नाही, हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण मग देवनागरी अक्षर तांब्यातून कागदावर कोणी उतरवले, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? ‘मुद्रणकला जहाजातून आली’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे लिहितो की ती कोणाच्या हातांत आली हे पाहायचेच राहून जाते.

याहून मोठी विसंगती आमच्या स्वतःच्या परंपरेत आहे. ज्या ग्रंथापासून आपण मराठीचे वैभव मोजतो त्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. सांगणाऱ्याबरोबर लिहिणाराही तेथे सन्मानाने उभा आहे. तुकोबांचे अभंग उतरून घेणारे चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ ही नावे वारकऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. इतकेच कशाला, जुन्नर तालुक्यातल्या आळे या गावी ज्ञानदेवांच्या कथेतल्या वेद बोलणाऱ्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिथे दर्शनाला जातात. कथेची ऐतिहासिकता हा येथे प्रश्नच नाही. शब्द ज्याच्या द्वारे प्रकट झाला त्यालाही स्मरणात जागा द्यावी, ही या मुलखाची रीत आहे. ती रीत मोडून शीर्षकपृष्ठावरच्या एकाच नावाला कर्ता मानण्याची सवय आम्ही कोठून आणली? ही सवय विद्यापीठाबरोबर आली. गावाने रेड्याचीही आठवण ठेवली, आणि आम्ही गंगारामला तळटीपेत घातले.

५

येथे आम्हांला आमच्याच बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. गंगारामचे नाव निघाले की एक वर्ग लगेच पुढे सरसावतो : इंग्रजांनी आमची कला चोरली, आमचा गंगाराम थोर, वेल्स आणि डॅनियल त्याच्या जिवावर मोठे झाले. ही मांडणी टाळ्या मिळवते, पण तीही ‘जीवन व कार्य’च आहे, फक्त मखरातली मूर्ती बदललेली. कारागिराचे नाव गाळण्याचा शोध इंग्रजांनी लावलेला नाही.

याचा दाखला पाहायला जुन्नरला जावे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी अन्यत्र दाखवता येणार नाहीत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा असे त्यांचे गट आहेत. त्यांतल्या ब्राह्मी लेखांत दाते नावानिशी बोलतात. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. यवन दात्यांचेही लेख आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आहे. एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. कांस्यकार म्हणजे धातू घडवणारे कासार-तांबटांचे पूर्वज. परंतु छिन्नी चालवणाऱ्याचे नाव या दानलेखांत नाही. देणारा लिहिला गेला, घडवणारा नाही. आंबेगाव आणि खेड यांच्या सीमेवरच्या भीमाशंकराचे शिखर नाना फडणवीसांनी बांधवले, हे सर्वांना ठाऊक आहे. पाथरवटांची नावे कोणी विचारत नाही. गीता पटवर्धनांच्या आश्रयाने छापली गेली, तिचा कारागीर मात्र धंद्याच्या नावानेच उरला. तेव्हा लंडनचे शीर्षकपृष्ठ हे आपल्याच जुन्या सवयीचे नवे रूप आहे, हे आधी कबूल करावे आणि मगच वेल्सवर खटला भरावा.

तरीही एक फरक उरतो, आणि तो जुन्नरच्याच बाजूने बोलतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात कांस्यकार व्यक्ती म्हणून नसले तरी श्रेणी म्हणून आहेत. धर्मदायाची ठेव विश्वासाने ज्यांच्याकडे सोपवावी असे ते लोक आहेत. समाजाच्या व्यवहारात त्यांची पत आहे आणि ती दगडावर कोरली गेली आहे. १८०३च्या संचात ती पतही उरत नाही. तेथे या मुलखातला माणूस दिसतो तो चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, लेण्याची उंची कळावी म्हणून काढलेल्या इवल्याशा आकृतीच्या रूपाने. जो मोजमाप घेत होता तोच मोजमापाचे साधन झाला.

जुन्नरविषयी आणखी एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. येथे कागद होत असे. पेशवाईच्या दप्तरांत जुन्नरी कागदाला मान होता, आणि १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरपर्यंत या धंद्याची नोंद मिळते. कागदी समाजाची माणसे जुने तरट आणि चिंध्या चुन्यात भिजवून, कुटून, नदीच्या पाण्यात धुऊन त्याचा लगदा करीत. साच्याने एकेक ताव उचलत, वाळवत, खळ लावत आणि शेवटी दगडाने किंवा शंखाने घोटून त्याला झिलई आणत. ही झिलई बोरूसाठी होती. घोटलेल्या तावावर बोरू सरळ धावतो आणि शाई फुटत नाही. तांब्याच्या पत्र्याच्या छपाईला नेमके याउलट हवे असते. कागद मऊ हवा, ओल पिणारा हवा, म्हणजे तो पत्र्याच्या खाचांत शिरून शाई उचलतो. म्हणजे आमचा कागद लिहिणाऱ्याच्या हातासाठी घडला होता आणि त्यांचा छापणाऱ्याच्या यंत्रासाठी. वाङ्मयाचा इतिहास कागदाच्या झिलईत असा दडलेला असतो. पण मराठीच्या कोणत्या प्रश्नपत्रिकेत आजवर जुन्नरी कागदावर प्रश्न आला? बखरींची शैली आपण शिकवतो. त्या ज्यावर लिहिल्या तो ताव कोणी केला, हा प्रश्न आम्हांला अवांतर वाटतो.

६

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिने हा विषय का निवडला, हे विचारण्याची तसदी समितीने घेतली नाही. आम्ही विचारले. तिचे उत्तर थोडक्यात असे होते. ज्या गावाच्या नावावरून तिचा तालुका ओळखला जातो ते आंबेगाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वास्तूंचे अवशेष वर येतात, लोक ते पाहायला जातात, पावसाळ्यात ते पुन्हा झाकले जातात. तिच्या आजीच्या बोलण्यात वाडीची वाट, खाचरे, पाणवठा, हिरड्याची झाडे हे सारे आहे. पण त्या वाडीचे चित्र कोणाकडेच नाही. जुन्या निसर्गदृश्यांत तिला ते सापडेल, असे तिला वाटत नव्हते. तिला पाहायचे होते ते हे की एखाद्या मुलखाचे दृश्य जेव्हा छापले जाते तेव्हा त्यातून नेमके काय गळते, आणि तेथलाच माणूस रेखाटायला बसला तर तो काय ठेवतो.

यापेक्षा अधिक साहित्यिक प्रश्न आम्हांला सुचत नाही.

कारण दृश्याचा हा साचा चित्रापुरता राहिलेला नाही. पुढे उंच झाड, मध्ये दरी, मागे धूसर होत गेलेल्या रांगा, कोठेतरी एखादा गुराखी : ही मांडणी मुद्राचित्रांतून छायाचित्रांत आली आणि आमच्या ललित गद्यातही मुक्कामाला राहिली. सह्याद्रीवरच्या किती लेखांत डोंगर हा ‘दृश्य’ असतो आणि महादेव कोळी हा त्या दृश्यातला रंग! नाणेघाटात पावसाळी गर्दी जमते ती वाऱ्याने उलट उडणारे पाणी टिपायला. तेथल्या गुहेत सातवाहनांच्या राणीचा प्रदीर्घ लेख आहे, तो वाचायला कोणी थांबत नाही. ३० जुलै २०१४ रोजी याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. त्यानंतर काही दिवस सर्वांना एकाएकी कळले की त्या हिरव्या उतारावर लोक राहतात, भातखाचरे करतात, पावसाचे दिवस मोजतात. तोवर ते निसर्गवर्णन होते. निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी याच पट्ट्यातल्या आदिवासींविषयी आयुष्यभर लिहिले. ते लेखन आपण समाजशास्त्राच्या कपाटात ठेवतो आणि निसर्गवर्णन साहित्याच्या. ही विभागणीदेखील त्या छापील दृश्याचीच देणगी आहे. माणसे एका पानावर आणि डोंगर दुसऱ्या.

गंगारामच्या चित्रांत ही विभागणी नाही असा दावा करून आम्ही त्याला नव्याने मखरात बसवणार नाही. तो मॅलेटच्या पगारावर होता, मॅलेटने जे मागितले ते त्याने काढले. परंतु त्याची पर्वती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. ही टेकडी काढणारा ती चढून गेलेला आहे. देवळे त्याला विस्मयाची वस्तू म्हणून दिसत नाहीत, गावाचा भाग म्हणून दिसतात. वेरूळच्या छापांत लेणे हे एक गूढ, ओसाड, उजेड-काळोखाचे नाट्य होते. ॲक्वाटिंटच्या राळेला ते नाट्य उत्तम साधते, म्हणून ती चित्रे सुंदरही आहेत. या दोन पाहण्यांची तुलना हा प्रबंधाचा विषय नव्हे काय? कथनमीमांसेच्या तासाला आपण ‘कोण पाहते आणि कोण बोलते’ हा भेद शिकवतो. तोच भेद एका चित्रसंचाला लावायची वेळ आली की ‘हा आपला विषय नाही’ असे कसे म्हणता येते?

७

आमची मागणी फार मोठी नाही. अभ्यासक्रम पालटा, नवी केंद्रे काढा, पुरस्कार ठेवा, असे काही आम्ही म्हणत नाही. तीनच गोष्टी कराव्यात. मराठी मुद्रणाच्या आरंभाचे टिपण देताना १८०५ या वर्षापुढे श्रीरामपुराबरोबर मिरजही लिहावी. ‘ओरिएंटल सीनरी’तली वेरूळची दृश्ये कोणत्याही मराठी पुस्तकात छापताना वेल्स आणि डॅनियल यांच्याबरोबर वेरूळची रेखाटने करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबटाचे नावही खाली द्यावे. आणि पुढच्या वेळी आंबेगावची, जुन्नरची किंवा आणखी कोठली विद्यार्थिनी जन्मतारीख नसलेल्या माणसाचे नाव घेऊन आली, तर तिला परत पाठवण्याआधी त्याने केलेले काम एकदा डोळ्यांनी पाहावे.

ती विद्यार्थिनी आज शिक्षिका आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा आम्ही तिला त्या तळटीपेची आठवण दिली. ती म्हणाली, प्रबंधिकेतले तेवढेच एक वाक्य आपण स्वतः लिहिले होते, बाकीचे ‘मटेरियल’ होते.

ते वाक्य तळटीपेतून वर आणण्याचे काम तिने नव्हे, आम्ही करायला हवे होते. ते आम्ही त्या वेळी केले नाही. समितीसमोर आम्हीही मान डोलावली होती, हे येथे नोंदवून ठेवतो.